फॅक्टर ॲनालिसिस: प्रश्नावलीपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत कोण कसं वापरतं, आणि कुठे फसतं

त्रिज्या (मूळ धागा)

प्रबंधांत, सर्वेक्षणांच्या अहवालांत, हवेच्या प्रदूषणावरच्या शोधनिबंधांत फॅक्टर ॲनालिसिस, म्हणजे घटक विश्लेषण, सारखं भेटतं. नाव एकच असलं तरी मानसशास्त्रात जी रीत चालते ती भूजलाला लावली की उत्तर बिघडतं. ज्यांना आपापल्या शाखेतली रीत ठाऊक आहे त्यांनी ती इथे तपशिलाने मांडावी, म्हणून हा धागा.

पाया थोडक्यात. बरीच मोजमापं एकमेकांबरोबर वरखाली होत असतील, तर त्यांच्यामागे मोजकेच, थेट न दिसणारे घटक आहेत असं धरायचं. मग प्रत्येक मोजमापाच्या व्हेरियन्सचे, म्हणजे त्यातल्या चढउताराचे, दोन वाटे पडतात: घटकांमधून आलेला सामायिक वाटा, आणि फक्त त्या मोजमापाचा असलेला विशिष्ट वाटा. मोजमाप घटकाला किती घट्ट बांधलेलं आहे ते लोडिंग सांगतं. घटकांचा आपसात संबंध नसेल तर एका मोजमापाच्या लोडिंगांच्या वर्गांची बेरीज म्हणजे त्याचा सामायिक वाटा.

चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये शाळकरी मुलांचे जे सहसंबंध छापले, त्यावर हे हाताने करून बघता येतं. अभिजात भाषा आणि स्वरभेद ओळखणं यांचा सहसंबंध ०.६६, इंग्रजी आणि संगीताचा ०.५१, गुणाकार ०.३३७. आता जोड्या बदला: अभिजात भाषा आणि संगीत ०.६३, इंग्रजी आणि स्वरभेद ०.५४, गुणाकार ०.३४०. मागे एकच घटक असेल तर हे दोन गुणाकार सारखे यायला हवेत, आणि जवळजवळ येतात. स्पिअरमनचा सगळा युक्तिवाद या समानतेवर उभा होता.

त्याच तक्त्यात खाचही आहे. एकच घटक धरला तर अभिजात भाषेचा सामायिक वाटा तीन सहसंबंधांतून निघतो. गणिताबरोबरचा ०.७०, स्वरभेदाबरोबरचा ०.६६, यांचा गुणाकार करून गणित आणि स्वरभेदाच्या ०.४५ ने भागा. उत्तर १.०३. एकूण व्हेरियन्स १ धरलाय, तर सामायिक वाटा १.०३ आणि विशिष्ट वाटा उणे ०.०३! याला हेवूड केस म्हणतात. सॉफ्टवेअर कधी इशारा देतं, कधी तो वाटा गुपचूप शून्यावर आणून ठेवतं. नमुना लहान असणं, घटक जास्त काढणं, किंवा एका घटकाच्या वाट्याला दोनच मोजमापं येणं ही त्याची नेहमीची कारणं.

माझा प्रश्न या उरलेल्या वाट्याबद्दलच आहे. तुमच्या विषयात विशिष्ट वाटा म्हणजे नक्की काय असतं, आणि तुम्ही त्याचं काय करता? शाखाशाखांतला खरा फरक तिथे पडतो असं मला ठामपणे वाटतं.

रेघोटी

धागा आवडला. शाखांकडे वळण्याआधी सगळीकडे होणाऱ्या एका चुकीबद्दल लिहितो.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅक्टरचा मेनू उघडून काहीही न बदलता ओके दाबलं, तर ते फॅक्टर ॲनालिसिस करत नाही. तिथली ठरलेली पद्धत प्रिन्सिपल कॉम्पोनंट्स आहे आणि घटक किती हे ‘आयगेन व्हॅल्यू १ च्या वर’ या नियमाने ठरतं. आयगेन व्हॅल्यू म्हणजे एक घटक किती चलांएवढा व्हेरियन्स पकडतो तो आकडा. प्रिन्सिपल कॉम्पोनंट विशिष्ट वाटा वेगळा काढतच नाही, सगळा व्हेरियन्स वाटून टाकतो.

फरक किती पडतो ते बघा. सहा प्रश्न आहेत, मागे खरोखर एकच घटक आहे आणि प्रत्येकाचं लोडिंग ०.५ आहे. म्हणजे कुठल्याही दोन प्रश्नांचा सहसंबंध ०.२५. कॉम्पोनंट काढलात तर पहिली आयगेन व्हॅल्यू १ + ५ × ०.२५ = २.२५, लोडिंग ०.६१, ‘स्पष्ट झालेला व्हेरियन्स’ ३७.५ टक्के. खरा सामायिक वाटा मात्र २५ टक्केच. प्रबंधात ०.६१ छापलं जातं आणि प्रश्नावली आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

घटक किती, यासाठी १ चा नियम सोडा. २० चलं आणि १०० नमुने निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरले तरी पहिली आयगेन व्हॅल्यू पावणेदोनच्या वर जाते, आणि जवळपास निम्म्या १ च्या वर असतात. त्या नियमाने तुम्ही गोंगाटातून नऊदहा घटक काढाल. त्याऐवजी हॉर्नचं १९६५ मधलं पॅरलल ॲनालिसिस वापरा: तेवढ्याच आकाराचा यादृच्छिक डेटा शेकडो वेळा तयार करायचा, त्याच्या आयगेन व्हॅल्यूंचा ९५ वा शतमक काढायचा, आणि आपल्या डेटातल्या ज्या व्हॅल्यू क्रमाने त्याच्या वर राहतात तेवढेच घटक ठेवायचे. आर या संगणकभाषेतल्या ‘सायक’ पॅकेजमध्ये एका ओळीत होतं. उत्तर ४ आलं तर ३ आणि ५ घटकांचेही तक्ते काढून शेजारी ठेवा. पाचवा घटक दोनच प्रश्नांचा असेल तर तो बहुतेक टिकत नाही.

रोटेशनचंही, म्हणजे लोडिंग वाचायला सोपी व्हावीत म्हणून घटकांचे अक्ष फिरवण्याचंही, तसंच. व्हॅरिमॅक्स घटकांना एकमेकांशी काटकोनात बांधून ठेवतं. चिंता आणि नैराश्य काटकोनात असतील असं कुणी म्हणेल का? घटकांना आपसात संबंध ठेवू देणारं ओब्लिमिन किंवा प्रोमॅक्स घ्या. संबंध खरोखरच शून्य असेल तर तेही शून्याजवळच दाखवतील, त्यात तोटा नाही.

मापपट्टी

मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राकडून. आमच्याकडे विशिष्ट वाटा म्हणजे त्या प्रश्नाचा स्वतःचा स्वभाव अधिक मोजण्यातली चूक. नको असलेली गोष्ट. पण तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर तीच घटकाचं सोंग घेऊन समोर येते. मराठी प्रश्नावल्यांत हे कसं घडतं ते सांगतो.

पहिलं, जुळे प्रश्न. ‘रात्री झोप लागत नाही’ आणि ‘अंथरुणावर पडल्यावर लवकर झोप येत नाही’ हे दोन्ही ठेवलेत, तर दोघांचा विशिष्ट वाटा सारखाच असतो. ते एकत्र येऊन ‘निद्रा घटक’ होतो. तो घटक नव्हे, एकच प्रश्न दोनदा विचारलाय. एक काढा.

दुसरं, नकार. पाच पर्यायांच्या पट्टीवर ‘मला नवीन कामाची भीती वाटत नाही’ असं विधान दिलं आणि उत्तर देणाऱ्याला भीती वाटते, तर त्याने ‘असहमत’वर खूण करायची. म्हणजे ‘वाटत नाही हे मला मान्य नाही’. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, वाचता वाचता ‘भीती वाटत’ एवढंच डोक्यात राहतं, आणि तोंडी विचारताना तर हमखास गोंधळ होतो. मग सगळी नकारार्थी विधानं एका घटकात आणि होकारार्थी दुसऱ्यात जमा होतात. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापिकेत दहापैकी पाच विधानं उलट दिशेची आहेत, आणि तिच्याबद्दल हा वाद जगभर अनेक दशकं चालू आहे. उपाय असा की उलट विधान नकाराशिवाय लिहायचं: ‘नवीन काम टाळावंसं वाटतं’.

तिसरं खास आपलं. ‘मी लवकर थकतो’ असं छापलं की बायकांना ते विधान परकं होतं. ‘थकतो/थकते’ असं तिरकी रेघ देऊन लिहिलं तर वाचन अडखळतं. ‘मला लवकर थकवा येतो’ असं लिहिलं की प्रश्नच मिटतो. मराठीत भावनांची बहुतेक विधानं ‘मला’ने सुरू करता येतात. पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरीची तुलना करायची असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्याआधी दोन्ही गटांत लोडिंग आणि इंटरसेप्ट (घटकाची पातळी तीच असताना विधानाला मिळणारा पायाचा गुण) सारखे आहेत हे दाखवावं लागतं. क्रम असा: आधी दोन्ही गटांत घटकांची रचना तीच आहे का, मग लोडिंग समान धरून मॉडेल बसवायचं, मग इंटरसेप्टही समान धरून. प्रत्येक पायरीवर सीएफआय, म्हणजे मॉडेल किती बसतं त्याचा निर्देशांक, ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबा आणि कुठलं विधान गडबड करतंय ते शोधा. इंटरसेप्टच्या पायरीवर अडलात तर सरासरींची तुलना करू नका.

चौथं, पाच किंवा कमी पर्यायांच्या उत्तरांवर साधा पिअरसन सहसंबंध नको. जवळपास सगळे ‘सहमत’ म्हणतात अशी सोपी विधानं एका बाजूला आणि अवघड विधानं दुसऱ्या बाजूला जातात, आणि काठिण्य हाच एक घटक होऊन बसतो. क्रमवार पर्यायांसाठी असलेला पॉलिकोरिक सहसंबंध घ्या. पुष्टीकरणाच्या, म्हणजे आधी सापडलेली रचना तपासण्याच्या, टप्प्यावर आर मधल्या ‘लावान’ पॅकेजमध्ये विधानं क्रमवाचक म्हणून नोंदवा, म्हणजे ते त्याला योग्य अशी वेटेड लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत वापरतं.

आणि ज्या नमुन्यावर रचना शोधलीत त्याच नमुन्यावर ‘पुष्टी’ करू नका. ती पुष्टी नसते.

कातळपाणी

भूजलाचा डेटा घेऊन येणारे पहिल्याच पायरीवर अडतात. एसपीएसएस म्हणतं मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नाही, किंवा डिटरमिनंट शून्य. लोक मग प्रिन्सिपल कॉम्पोनंटकडे पळतात, कारण तो तक्रार करत नाही. चूक डेटात असते.

प्रयोगशाळेच्या अहवालात सामू, विद्युतवाहकता, एकूण विद्राव्य क्षार, एकूण काठिण्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट असे रकाने असतात. यातले काही मोजलेले आणि काही हिशोबाने काढलेले. काठिण्य म्हणजे ढोबळमानाने २.५ गुणिले कॅल्शियम अधिक ४.१ गुणिले मॅग्नेशियम, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. विद्राव्य क्षार पुष्कळदा वाहकतेला एका ठरावीक गुणकाने गुणून काढलेले असतात. हे रकाने ठेवले की एक चल दुसऱ्यांचं तंतोतंत रूप होतं. शिवाय वाहकता, क्षार, काठिण्य आणि आयन मिळून पहिला घटक ‘क्षारता, ६० टक्के’ असा भरभक्कम दिसतो. त्यात नवीन काही कळलेलं नसतं, एकच गोष्ट चारदा मोजलेली असते.

म्हणून क्रम:

आधी सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांच्या विद्युतभारावर आधारलेल्या एककात) आणा आणि धन-ऋण आयनांचा ताळा बघा. फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. १० च्या वरचे नमुने बाजूला ठेवा. बायकार्बोनेट मोजलंय की वजाबाकीने काढलंय ते विचारा. वजाबाकीचं असेल तर ताळा शंभर टक्के जुळेल, आणि त्याचाच धोका आहे.

हिशोबाचे रकाने काढा. वाहकता घटकांच्या बाहेर ठेवा, नंतर घटकगुणांशी, म्हणजे प्रत्येक नमुन्याला घटकावर मिळणाऱ्या गुणांशी, तिचा सहसंबंध तपासायला कामाला येते.

लॉग घ्या. एका विहिरीत नायट्रेट इतरांच्या दसपट असेल तर ती एकटी विहीर घटक घडवते.

पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे नमुने एकत्र करून ‘८० नमुने’ म्हणू नका. त्या ४० विहिरीच आहेत. दोन वेगळी विश्लेषणं करा आणि लोडिंग शेजारी ठेवा.

नाव देताना एका आयनावर जाऊ नका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट एकत्र आले तर खडकाच्या झिजेचा अर्थ लावता येतो. सोडियम आणि क्लोराइड एकत्र आले म्हणून लगेच समुद्राचं पाणी शिरलं असं नाही. सोडियम-क्लोराइडचं मोलर गुणोत्तर ०.८६ च्या आसपास आहे का ते बघा, आणि विहीर किनाऱ्यापासून किती आत आहे तेही. त्याच घटकावर नायट्रेट आणि पोटॅशियम चढले असतील तर सांडपाणी किंवा खतं जास्त संभवतात.

साळुंकी

कातळपाणी, एक शंका. खडकाच्या किंवा मातीच्या नमुन्यांत सगळे ऑक्साइड मिळून १०० टक्केच होतात. तिथे हिशोबाचा रकाना कुठलाच नसतो, तरी अडचण येते. का?

कातळपाणी

कारण बेरीज बांधलेली आहे. सिलिका वाढली की बाकीच्यांना कमी व्हावंच लागतं. उणे सहसंबंध रसायनातून येत नाही, अंकगणितातून येतो. ऐचिसनने यासाठी गुणोत्तरांच्या लॉगची रीत दिली. प्रत्येक घटकद्रव्याला त्या नमुन्यातल्या सगळ्यांच्या भूमितीय मध्याने भागून लॉग घेतला तर वाचायला सोपं पडतं, पण त्या स्तंभांची बेरीज शून्य होते आणि मॅट्रिक्स पुन्हा अडतं. म्हणून सहसंबंध काढायचे ते काटकोनी लॉग-गुणोत्तरांवर, आणि लोडिंग वाचायला परत मध्यवाल्या रूपात आणायची.

भूशास्त्रात आणखी एक प्रकार रुळलेला आहे, क्यू-मोड. त्यात चलांऐवजी नमुन्यांचे गट शोधतात. इम्ब्री आणि किप यांनी १९७१ मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या फोरामिनिफेरांच्या (कवच असलेल्या सूक्ष्म जीवांच्या) प्रमाणांवरून उष्णकटिबंधीय, उपोष्ण, उपध्रुवीय, ध्रुवीय असे समूह काढले आणि त्यांच्या गुणांवरून जुन्या समुद्राचं तापमान बांधलं. तिथे विशिष्ट वाट्याचा उपयोग सुंदर आहे: जुन्या नमुन्याचा सामायिक वाटा फार कमी आला तर तसा समुद्र आज कुठेच नाही असं समजायचं, आणि त्या तापमानावर विसंबायचं नाही.

धूलिकण

हवेकडे येतो. इथे विशिष्ट वाटा अंदाजाने काढत नाहीत, प्रयोगशाळेतून आणतात. हा फार मोठा फरक आहे.

प्रश्न असा: फिल्टरवर जमलेल्या सूक्ष्म कणांत इतकं सिलिकॉन, इतकं पोटॅशियम, इतकं सल्फेट, त्यातलं रस्त्याच्या धुळीचं किती, वाहनांचं किती, लाकूड-पाचोळा जाळण्याचं किती? साध्या फॅक्टर ॲनालिसिसमध्ये उणे लोडिंग आणि उणे गुण येतात. धूर उणे दोन मायक्रोग्रॅम असू शकत नाही. पातेरो आणि टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडलेलं पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन, म्हणजे पीएमएफ, दोन गोष्टी करतं: सगळे आकडे शून्य किंवा अधिकच ठेवतं, आणि डेटातल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या अनिश्चिततेने भागून वजन देतं.

म्हणून खरं काम अनिश्चिततेच्या तक्त्यात आहे. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या मोफत सॉफ्टवेअरची रीत अशी: मोजमाप डिटेक्शन लिमिटच्या, म्हणजे उपकरणाला ओळखता येणाऱ्या किमान मर्यादेच्या, खाली असेल तर अनिश्चितता त्या मर्यादेच्या पाच षष्ठांश, वर असेल तर टक्केवारीतली चूक गुणिले सांद्रता याचा वर्ग, अधिक अर्ध्या मर्यादेचा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. मर्यादेखालच्या आकड्यांच्या जागी सहसा मर्यादेचा निम्मा आकडा टाकतात. ज्या मूलद्रव्याचा सिग्नल कच्चा आहे त्याला ‘वीक’ ठरवलं की अनिश्चितता तिप्पट होते. एकूण कणवस्तुमान हेही बेरजेचं चल म्हणून ‘वीक’च ठेवायचं.

मुंबईसारख्या ठिकाणी तीन गोष्टी हमखास फसवतात.

समुद्री मीठ. ताज्या फवाऱ्यात क्लोराइड आणि सोडियमचं वस्तुमानाचं गुणोत्तर सुमारे १.८ असतं. शहरावरून जाताना नायट्रिक आम्लाशी अभिक्रिया होऊन क्लोराइड वायू होऊन निघून जातो आणि सोडियम नायट्रेट उरतं. त्यामुळे एकच समुद्र दोन घटकांत दिसतो, ‘ताजं मीठ’ आणि ‘जुनं मीठ’. दुसऱ्यावर नायट्रेट असल्यामुळे त्याला वाहनांचं नाव देण्याची चूक होते.

दिवाळी. फटाक्यांत पोटॅशियमचे क्षार ऑक्सिडायझर म्हणून असतात, हिरव्या रंगासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम. ते चार दिवस डेटात राहिले की पोटॅशियम फटाक्यांकडे ओढलं जातं. पोटॅशियम हीच पाचोळा-लाकूड जाळण्याची खूण असल्यामुळे वर्षभराचा तो हिस्सा बिघडतो. ते दिवस काढून चालवा, आणि फटाक्यांचा हिशोब वेगळा द्या.

रस्त्याची धूळ आणि बांधकामाची धूळ. दोन्हीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम. बांधकामात कॅल्शियम जास्त, एवढाच काय तो आधार. दोन घटक सुटे होत नसतील तर ‘धूळ’ असा एकच छापा. प्रामाणिक आकडा तोच.

सल्फर आणि सल्फेट दोन्ही आत घालू नका, ते एकच आहे. वेगवेगळ्या सुरुवातींपासून २० वेळा चालवा, मग १०० बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून केलेल्या फेऱ्या. एखादा घटक बूटस्ट्रॅपमध्ये वारंवार दुसऱ्यात मिसळत असेल तर घटक एकने कमी करा.

आणि नाव कागदावर ठरवू नका. वाऱ्याची दिशा, रविवार विरुद्ध कामाचा दिवस, पावसाळा विरुद्ध हिवाळा, यांवर घटकाचे गुण तपासा. स्रोतांची रासायनिक ओळख आधीपासून हाती असेल तर दुसरा रस्ता आहे, केमिकल मास बॅलन्स. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्याचं काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने आणि मुंबईचं नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलं. त्यासाठी वाहनांच्या धुराची रासायनिक ओळख एआरएआयने आणि बाकी स्रोतांची आयआयटी मुंबईने बनवली होती. पीएमएफचे घटक त्या ओळखींशी ताडून बघता येतात.

शब्दयोगी

भाषाशास्त्राचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. डग्लस बायबरने १९८८ मध्ये इंग्रजीच्या ४८१ संहितांत ६७ भाषिक वैशिष्ट्यं मोजली आणि त्यांवर फॅक्टर ॲनालिसिस केलं. मोजणी दर १००० शब्दांमागे, रोटेशन प्रोमॅक्स, ०.३५ च्या खालची लोडिंग सोडून दिलेली. पहिल्या मितीच्या एका टोकाला वर्तमानकाळ, ‘वाटणं-समजणं’ अशी क्रियापदं, द्वितीय पुरुष. दुसऱ्या टोकाला नामं, लांब शब्द, विशेषणं. म्हणजे गप्पा एकीकडे आणि माहितीने ठासलेलं लेखन दुसरीकडे.

मराठीवर हे जसंच्या तसं उचलता येत नाही. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे अनेक होतात. दर १००० शब्दांचा भाजक घेतला तर आपल्याकडे प्रत्येक हजारात जास्त नामं बसतात. म्हणून आधी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सोडवायची, मग मोजायचं. वेगळ्या शब्दांचं प्रमाण मजकुराच्या लांबीवर अवलंबून असतं, म्हणून बायबरने पहिल्या ४०० शब्दांतच ते मोजलं. मराठीत ‘घर, घरी, घरात, घराला’ हे चार शब्द धरायचे की एक, हेही आधी ठरवायला हवं. मूळ रूपावर आणूनच मोजा.

‘केले’ आणि ‘केलं’ हे वैशिष्ट्य म्हणून घ्यावंसं वाटतं, कारण औपचारिक आणि बोली यांच्यातली ती ठळक खूण आहे. पण वर्तमानपत्रात ती संपादकीय नियमाने ठरते, लेखकाच्या शैलीने नव्हे. एकाच दैनिकातून शंभर मजकूर घेतले तर जो घटक निघेल तो त्या दैनिकाचा शुद्धलेखनाचा नियम असेल. मापपट्टी म्हणतात ते ‘घटकाचं सोंग’ आमच्याकडे असं येतं. ‘च, ना, बरं का, हं’ यांसारखे निपात, ‘केलं जातं’सारखे कर्मणी प्रयोग, ‘की’ने जोडलेली उपवाक्यं ही जास्त भरवशाची वैशिष्ट्यं. क्वचित येणारी वैशिष्ट्यं सोडून द्या. बहुतेक मजकुरांत शून्य असलेल्या स्तंभाचा सहसंबंध एकदोन मजकूरच ठरवतात.

वाणनिवड

पीक पैदाशीत विशिष्ट वाटा हा कचरा नसतो, तो जपून ठेवायचा असतो. समजा रब्बी ज्वारीचे वाण राहुरी, सोलापूर, परभणी आणि अकोला इथे पाच वर्षं तपासले. २० पर्यावरणं झाली. एकेका वाणाचं उत्पन्न कुठे कसं बदलतं याचं पूर्ण सहव्हेरियन्स मॅट्रिक्स काढायचं तर २१० आकडे अंदाजावे लागतात, आणि मॉडेल जुळत नाही. दोन घटकांचं रूप घेतलं तर ५९ पुरतात: ४० लोडिंग, २० विशिष्ट व्हेरियन्स, आणि रोटेशनसाठी एक वजा. मिश्र मॉडेलमध्ये हे असं बसवण्याची रीत स्मिथ, कलिस आणि थॉम्प्सन यांनी २००१ मध्ये मांडली.

पहिल्या घटकावर सगळ्या पर्यावरणांची लोडिंग एकाच चिन्हाची असतील तर वाणाचा त्यावरचा गुण एकूण कामगिरी सांगतो. दुसऱ्या घटकावर चिन्हं उलटत असतील तिथे वाणांचा क्रम बदलतो. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलाव्यावर येते, म्हणून जमिनीची खोली आणि पेरणीच्या वेळची ओल ही माहिती हाताशी ठेवा. दुसरा घटक पुष्कळदा तिच्याशीच बोलतो. आणि एखाद्या केंद्राचा विशिष्ट व्हेरियन्स मोठा असेल, तर वाण तिथे काहीतरी वेगळंच करताहेत. ते केंद्र सरासरीत विरघळवू नका.

मॉडेल अडतं ते बहुधा दुव्यांअभावी. दर वर्षी वाण बदलतात. दोन वर्षांत सामायिक चेक वाण (तुलनेसाठी ठेवलेले ठरावीक वाण) दोनच असतील तर त्या वर्षांमधला सहव्हेरियन्स दोन आकड्यांवर उभा राहतो. एका घटकापासून सुरू करा, त्याची उत्तरं सुरुवातीच्या किमती म्हणून देऊन दुसरा घटक जोडा. एखाद्या पर्यावरणाचा विशिष्ट वाटा शून्यावर गेला तर आम्ही तो शून्यावरच बसवून पुढे जातो. त्रिज्यांनी सांगितलेली हेवूड केस इथे तेवढी जीवघेणी नाही.

मागणीपुरवठा

रेघोटी, प्रिन्सिपल कॉम्पोनंटवरच्या तुमच्या टीकेला अर्थशास्त्रातून एक दुरुस्ती. तुमचंच उदाहरण घेऊ, फक्त सहाऐवजी १०० मालिका. पहिली आयगेन व्हॅल्यू १ + ९९ × ०.२५ = २५.७५, लोडिंग ०.५०७. खऱ्या ०.५ ला जवळजवळ चिकटलं! मालिका वाढल्या की विशिष्ट वाटे एकमेकांना खोडून काढतात. स्टॉक आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये शेकडो मासिक मालिकांवर कॉम्पोनंट वापरले ते याच बळावर. अमेरिकेतल्या शिकागो फेडरल रिझर्व्ह बँकेचा राष्ट्रीय निर्देशांक ८५ मासिक मालिकांचा पहिला कॉम्पोनंटच आहे. शून्य म्हणजे अर्थव्यवस्था नेहमीच्या गतीने वाढते आहे.

अट एकच. एकाच वस्तूच्या दहा उपमालिका घालून संख्या फुगवू नका. पोलादाच्या दहा मालिका म्हणजे पोलादाचा घटक.

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा संपत्ती निर्देशांक. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण चालवते. दूरदर्शन संच, वाहन, शौचालय, पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांवरून प्रिन्सिपल कॉम्पोनंटने गुण काढतात आणि लोकसंख्येचे पाच समान भाग पाडतात. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. निर्देशांक सापेक्ष आहे. चौथ्या आणि पाचव्या फेरीतला ‘सर्वांत गरीब’ पंचमांश सारखाच गरीब असतो असं नाही. आणि नळ, गॅस, पक्कं घर ही शहराची लक्षणं असल्यामुळे बागायती जमीन आणि जनावरं असलेलं खेड्यातलं कुटुंब खाली ढकललं जातं. ग्रामीण भागापुरता प्रश्न असेल तर ग्रामीण नमुन्यावर गुण नव्याने काढा.

रेघोटी

मागणीपुरवठा, मान्य. सहा-आठ चलांसाठी माझी टीका कायम, शंभरांसाठी मागे घेतो.

जास्वंद

प्रश्न मापपट्टींना. हवेत वाऱ्याची दिशा तरी बघता येते. बुद्धिमत्तेचा सामान्य घटक खरोखर ‘आहे’ हे कसं ठरवणार? आकडे जुळले एवढंच ना?

मापपट्टी

आकडे जुळणं पुरेसं नाही, हे गॉडफ्री थॉमसनने १९१६ मध्येच दाखवलं. सामान्य घटक मुळीच न घालता, पुष्कळ सुट्या कारणांचे एकमेकांत गुंतलेले गट घेऊन त्याने स्पिअरमनसारखाच तक्ता तयार केला. तेव्हा एका घटकाचं मॉडेल बसतं याचा अर्थ एक कारण आहे असा होत नाही. आम्ही एवढंच म्हणू शकतो की या मोजमापांचं वर्तन एका आकड्यात सांगितलं तर फारसं हरवत नाही. त्याच्या पुढचा दावा बाहेरच्या पुराव्यावर उभा करावा लागतो: त्या गुणाने नंतरचं काही वर्तवता येतं का, शिकवण्याने घटकावरचे सगळे प्रश्न एकत्र हलतात की एखादाच. एकच हलत असेल तर तुम्ही त्याचा विशिष्ट वाटा हलवलात.

कंदील

एक अगदी व्यवहाराचा प्रश्न. एम.एड.च्या प्रबंधासाठी २४ विधानांची प्रश्नावली आहे, पाच पर्याय, १४० शिक्षक. मार्गदर्शक ‘एका विधानामागे दहा माणसं’ म्हणतात. १४० पुरतील का? आणि ओब्लिमिन केल्यावर दोन तक्ते येतात, पॅटर्न आणि स्ट्रक्चर, छापायचा कुठला?

मापपट्टी

दहाचा नियम सोडा. सामायिक वाटे ०.६ च्या आसपास आणि घटकामागे पाचसहा विधानं असतील तर १४० चालतात. सामायिक वाटे ०.३ च्या आसपासच असतील तर ३०० सुद्धा कमी पडतील. आधी केएमओ (सहसंबंध घटक काढण्याजोगे आहेत का ते सांगणारा आकडा) बघा, ०.५ च्या खाली असलेली विधानं काढा. ज्या पर्यायावर पाचपेक्षा कमी खुणा आहेत तो शेजारच्या पर्यायात मिळवा, नाहीतर पॉलिकोरिक सहसंबंध डळमळतात. १४० चे दोन भाग करू नका. शोधक विश्लेषण करा आणि पुष्टी पुढच्या अभ्यासावर सोडली असं स्पष्ट लिहा. विश्वसनीयतेसाठी अल्फाबरोबर ओमेगाही द्या, कारण अल्फा सगळ्या विधानांची लोडिंग सारखी धरतं.

छापायचा तो पॅटर्न. त्यात इतर घटक स्थिर धरून एका घटकाचा परिणाम दिसतो. स्ट्रक्चरमध्ये घटकांच्या आपसातल्या संबंधाची भर पडते, त्यामुळे सगळं सगळ्यावर चढलेलं दिसतं. पॅटर्नच्या खाली घटकांच्या आपसातल्या सहसंबंधांचा छोटा तक्ता द्या, शेवटच्या स्तंभात सामायिक वाटा द्या, आणि ०.३ च्या खालची लोडिंग रिकामी ठेवू नका. आकडे तसेच छापा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमच्या तक्त्यावरून पुन्हा हिशोब करता येईल.